घरात माणसं किती

लॉरेनच्या हाती ती नोटीस लागली ती केवळ तिचा गुडघा दुखत होता म्हणून. एरवी सकाळी साडेसहाला ती मोटार काढून कामाला निघे आणि टपाल येई दहाच्या पुढे. गावातल्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, भरवायचं, गोळ्या द्यायच्या, हे तिचं काम. पण त्या दिवशी गुडघा वाकेना, एजन्सीने तिची सकाळची दोन घरं दुसरीला दिली आणि ती घरी राहिली. दाराच्या फटीतून पाकीट पायपुसण्यावर पडलं तेव्हा वडिलांच्या आधी तिचा हात त्यावर गेला.

पाकिटावर लाल अक्षरं होती. पत्र नगरपालिकेचं नव्हतं, जप्तीची कामं घेणाऱ्या कुठल्याशा कंपनीचं होतं. घरपट्टीची थकबाकी, त्यावर कोर्टखर्च, त्यावर आमची फी, मिळून एक हजार तीस पौंड. सात दिवसांत भरा, नाहीतर आमचा बेलिफ घरी येईल आणि सामान ताब्यात घेईल. लॉरेनने पत्ता दोनदा वाचला. पत्ता तिचाच होता.

तिला वाटलं, काहीतरी घोळ झालाय. ती दर महिन्याला पोस्टाच्या खिडकीवर उभं राहून एकशे पंचेचाळीस पौंड भरत होती. चुकले ते फक्त जून आणि जुलै. वडील परसात पडले, खुब्याचं हाड मोडलं, सहा आठवडे इस्पितळात येरझाऱ्या झाल्या आणि तेवढे दिवस तिला पगार मिळाला नाही. ऑगस्टपासून तिने पुन्हा भरायला सुरुवात केली होती. राहिलेले दोन हप्ते वर्षअखेरीस बघू, असं तिने मनाशी ठरवलं होतं. नगरपालिकेची हरकत असती तर पत्र आलं असतं. हरकत असून गप्प बसणाऱ्यातली ती नगरपालिका नव्हे.

"याआधी एक ओळसुद्धा पाठवली नाही मेल्यांनी," ती स्वतःशीच मोठ्याने म्हणाली.

"पाठवली की," बैठकीच्या खोलीतून वडील म्हणाले. "चार पत्रं आलीत."

तिचे वडील क्लिफर्ड डक्सबरी. वय पंच्याऐंशी. त्याच गावच्या नगरपालिकेत करवसुली खात्यात एक्केचाळीस वर्षं काढली आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. जुनी माणसं अजून त्यांना डक्सबरीसाहेब म्हणत, आणि आपणही तेच म्हणू, कारण घरातसुद्धा ते टाय बांधल्याशिवाय नाश्त्याला बसत नसत. अडीच वर्षांपूर्वी ते लॉरेनच्या भाड्याच्या घरी राहायला आले तेव्हा त्यांनी स्वतःचं एकच सामान आणलं, ते म्हणजे झाकणाचं लिहायचं मेज. रोज नऊला ते मेजाशी बसत. दहानंतर पायपुसण्यावर पडलेलं टपाल उचलायचं, सुरीने पाकीट फोडायचं, रबरी शिक्का मारायचा आणि कागद कप्प्यात लावायचा. लॉरेनला वाटे, दुकानांच्या जाहिराती येतात, त्यांच्याशी चाललाय खेळ. एका जागी बसतात, गॅस चालू ठेवत नाहीत, रस्त्यावर जात नाहीत, एवढ्यावर ती देवाचे आभार मानी. आपलं खरं टपालही त्यातच जात असेल हे तिच्या डोक्यात आलं नाही.

साहेबांनी झाकण उघडून एका कप्प्यातून चार कागद काढून दिले. जुलैचं स्मरणपत्र. हप्त्यांची सवलत गेली, आता वर्षाची सगळी रक्कम एकदम भरा, असं सांगणारं दुसरं. ऑगस्टचं कोर्टाचं समन्स. सप्टेंबरात तिच्या गैरहजेरीत झालेला हुकूम. चारही नीट तारीखवार लावलेले, आणि प्रत्येकावर निळ्या शाईत 'मिळाले' असा शिक्का. दिवस बरोबर, महिना बरोबर, वर्ष मात्र एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, कारण त्या शिक्क्याच्या चाकावर त्यापुढचं वर्षच नव्हतं.

"एक्केचाळीस वर्षांत माझ्या हातून एक कागद गहाळ झाला नाही, पोरी," साहेब म्हणाले.

लॉरेनला ओरडावंसं वाटलं. पण ओरडणं ते जेवणाच्या वेळेपर्यंत विसरले असते आणि काहीतरी लागल्याचं तेवढं संध्याकाळपर्यंत मनात राहिलं असतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली.

नंतर तिने फोन लावायला घेतले. नगरपालिकेने चाळीस मिनिटं गाणी ऐकवली. मग एका तरुण आवाजाने सांगितलं की प्रकरण कंपनीकडे गेलंय, आता आमच्या हातात काही नाही. कंपनीने सांगितलं, निम्मी रक्कम आज भरा, मग बोलू. तिच्या बँकेत दोनशे बारा पौंड होते, आणि पुढच्या शुक्रवारी भाडं जायचं होतं. ती म्हणाली, दर आठवड्याला वीस देते. पलीकडचा माणूस हसला नाही, हे त्याचे उपकार.

तिसरा फोन मोफत सल्ला केंद्राला. तिथली बाई सावकाश बोलणारी होती. तिने सांगितलं की पहिल्या खेपेला बेलिफला दार तोडून येता येत नाही. उघड्या दारातून किंवा कोणी या म्हटलं तरच त्याला आत यायचा हक्क. एकदा आत आला आणि त्याने सामानाची यादी केली की मग मात्र खेळ संपला. तेव्हा दारं लावून घ्या, पुढचं आणि मागचं. मोटार आहे का? कामाला लागते? तेराशे पन्नास पौंडांच्या आतली असेल तर सोडतात. लॉरेनने सांगितलं की मोटारीचे दोन हजार सहज येतील, आईच्या विम्याच्या पैशांतून घेतली होती. मग ती घरापासून लांब लावा, बाई म्हणाली. मोटार गेली तर लॉरेनचं काम जाणार हे त्या बाईला सांगावं लागलं नाही.

"शेवटचं विचारते," बाई म्हणाली. "घरात कोणी आजारी आहे का? विसरणं, भ्रमिष्टपणा, असं काही? डॉक्टरांनी लिहून दिलं तर जप्ती थांबते. घरपट्टीत चौथा हिस्सा सूट मिळते, तीसुद्धा मागच्या तारखेपासून. तुमचं निम्मं देणं त्यातच फिटेल."

लॉरेनने दाराकडे पाहिलं. पलीकडच्या खोलीत साहेब पेन्सिलीला टोक काढत होते.

"नाही," ती म्हणाली. "असं कोणी नाही."

बाई म्हणाली, बरं, तरी एक फॉर्म टपालाने पाठवते, असू दे जवळ.

लॉरेन खोटं का बोलली ते सांगायला हवं, नाहीतर कोणीही तिला वेड्यात काढील. अडीच वर्षांपूर्वी दवाखान्यात डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव घेतलं, आणि बापलेक खाली येऊन मोटारीत बसले. त्या दिवशी साहेबांचं डोकं अगदी स्वच्छ होतं. काचेतून समोर बघत ते म्हणाले होते, "ज्याची बुद्धी गेली त्याला घरपट्टीत माणूस धरत नाहीत. नियमच आहे. फॉर्म मीच द्यायचो लोकांना. त्यात एक रकाना असतो, घरात मोजायची माणसं किती. नवरा शेजारच्या खुर्चीत बसलेला असायचा, आणि बायको त्याच्या देखत लिहायची, एक. मी किती वेळा पाहिलंय ते. माझ्या बाबतीत तसं करू नकोस. मी तुझ्या घरात राहतोय तोवर मला मोज."

तिने शब्द दिला. घरात दोन माणसं, असं नगरपालिकेला कळवलं आणि एकटीला मिळत होती ती चौथ्या हिश्शाची सूट सोडली. हप्त्याला छत्तीस पौंड जादा जात होते ते बापाला माणसात मोजण्याचे. तिच्यासारख्या बाईला छत्तीस पौंड म्हणजे काय ते तिलाच ठाऊक. पण तिने कधी कुरकुर केली नाही. उलट पोस्टाच्या खिडकीवर नोटा सरकवताना तिला दर वेळी जरा बरंच वाटायचं.

मग वेढा सुरू झाला. मोटार ती दोन गल्ल्या पलीकडे मेथडिस्ट चर्चच्या मागे लावू लागली आणि दुखऱ्या गुडघ्याने तिथून घरी चालत येऊ लागली. पुढचं दार तर बंदच असे. त्या गल्लीत पुढचं दार म्हणजे पोलीस, पाद्री आणि शवपेटी यांच्यासाठी. बाकी सगळं जग परसातून मागच्या दाराने येतं, "मीच गं" म्हणतं आणि सरळ किटलीशी जातं. लॉरेन त्या घरात एकवीस वर्षं राहत होती आणि दिवसा मागच्या दाराला कुलूप लागलेलं कोणी पाहिलं नव्हतं. आता तिने ते लावलं. शेजारची नसरीन रोज बाराला साहेबांचं जेवण घेऊन यायची, तिला एक किल्ली दिली. दुसरी आत दाराशेजारच्या खिळ्याला टांगली, कारण म्हाताऱ्या माणसाला कोंडून जायचं आणि घराला आग लागली तर काय, या विचाराने तिला झोप येत नव्हती. नसरीनला तिने सगळं सांगितलं. नसरीन म्हणाली, "येऊ दे मेल्याला. मी परसातच खुर्ची टाकून बसते." पण नसरीनला तीनला नातवंडं शाळेतून आणायची असत, ती किती बसणार?

साहेबांना हे कुलूपप्रकरण मुळीच पटलं नाही. दार का लावलं, असं ते दिवसातून सहा वेळा विचारत. आपण कोणापासून लपतोय? लॉरेन म्हणे, चोऱ्या फार झाल्यात. मग ते जुनी आठवण काढत. ते वसुलीला जात तेव्हा लोक आत असून नसल्यासारखे करत. सोफ्याच्या मागून चपला दिसायच्या. "मी कधी बोललो नाही," साहेब म्हणत. "आत बसलेल्याला ऐकू जाईल असं म्हणायचो, उद्या येतो. पण पोरी, ती माणसं दार लावून बसायची ती बघवत नसे. आपण त्यातले नाही." लॉरेन मान डोलवी आणि त्यांच्या कपात चहा ओती. रविवारी त्यांना फिरायला नेलं तेव्हा चर्चच्या मागे आपली मोटार बघून ते थांबले. ही इथे काय करते, म्हणाले. तिने काहीतरी सांगून वेळ मारून नेली आणि ते विसरतील असं धरून चालली. हल्ली नेमकं काय विसरतील आणि काय लक्षात ठेवतील याचा नेम राहिला नव्हता.

सात दिवस गेले, आठवा गेला. दाराच्या फटीतलं टपाल आता तिने साहेबांच्या आधी उचलायला हवं होतं, पण ते दहाला येई आणि ती त्या वेळी कोणाच्या तरी पाठीला साबण लावत असे.

नवव्या दिवशी, बुधवारी, दुपारी सव्वा वाजता ती दोन कामांच्या मध्ये घरी आली. परसाचं फाटक उघडं होतं. मागचं दारही उघडं होतं, आणि किल्ली कुलपात लटकत होती. आतून कपबशीचा आवाज येत होता.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चाळिशीचा एक जाडसर माणूस बसला होता. काळं जाकीट, छातीवर छोटा कॅमेरा, समोर कागदांचं पॅड. त्याच्यापुढे आईचे गुलाबांचे कप निघाले होते, जे नाताळालाही निघत नसत. साहेब समोर बसले होते, टाय सरळ, केस विंचरलेले. इतके खूष तिने त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"लॉरेन, हे मिस्टर पिलिंग," ते म्हणाले. "आपल्या ऑफिसातले. नवीन आहेत, पण काम व्यवस्थित करतात."

काय झालं ते पिलिंगने उठून सांगितलं. पुढचं दार वाजवलं, कोणी उघडलं नाही. मागे आलो तर हे गृहस्थ खिडकीत होते. मी नगरपालिकेच्या घरपट्टीचं काम म्हणालो, तशी त्यांनी स्वतः किल्ली काढून दार उघडलं. ऑफिसचा माणूस परसात ताटकळत ठेवायचा नसतो, म्हणाले. चहा केला. घर दाखवलं.

यादी टेबलावर होती. टीव्ही, साइडबोर्ड, लिहायचं मेज, आरसा, गवत कापायचं यंत्र. आणि खाली, निराळ्या ओळीत, मोटार. रंग, नंबर, आणि 'मेथडिस्ट चर्चच्या मागे'.

"वाहन आहे का, विचारलं त्यांनी," साहेब म्हणाले. "मी सांगितलं. तू ती तिथे का लावतेस, ते काही मला सांगता आलं नाही."

पिलिंग वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर लॉरेनला सोपं गेलं असतं. तो हळू आवाजात बोलत होता. आज प्रत्यक्ष यावं लागल्यामुळे दोनशे पस्तीस वाढले, आता एकूण बाराशे पासष्ट. चारशे आत्ता भरून इथे सही केलीत तर मोटार तुमच्याकडे राहील, बाकीचे तीन महिन्यांत. नाहीतर मला मोटार उचलणारी गाडी बोलवावी लागेल. लॉरेन म्हणाली, माझ्याकडे दोनशे बारा आहेत आणि त्यातलं भाडं द्यायचंय. तो म्हणाला, कोणाकडून उसने? तिने मान हलवली. ज्यांच्याकडून घेण्यासारखे होते त्यांच्याकडून जुलैमध्येच घेऊन झाले होते.

मोटार गेली की काम गेलं, काम गेलं की भाडं थकलं, आणि भाडं थकलं की बापाला ठेवायचं कुठे? ते तिला चांगलं ठाऊक होतं. वृद्धाश्रमात, आणि अशाच एका ठिकाणी तिने सहा वर्षं नोकरी केली होती. तिथे दुपारी चारला माणसांना रात्रीचे कपडे घालतात. तिथे साहेबांच्या गळ्यात टाय कोणी बांधली नसती.

पिलिंगने पेन खाली ठेवलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालूच होता.

"बाई, मी इथे अर्धा तास बसलोय," तो म्हणाला. "यांनी मला एकच गोष्ट तीनदा सांगितली. मघाशी बिस्किटं आणायला बायकोला हाक मारली. मी नियम सांगतो. घरात फक्त आजारी माणूस असताना त्याने दार उघडलं असेल, तर माझी ही भेट धरली जात नाही. यादी रद्द, आजची फी रद्द, मोटारीला हात नाही. प्रकरण नगरपालिकेकडे परत. पण ते मी माझ्या मनाने लिहू शकत नाही. घरच्या माणसाने सांगायला हवं. तुमचे वडील बरे आहेत का?"

साहेब बिस्किट चहात बुडवत होते. ते थांबले आणि लॉरेनकडे बघू लागले. कोणी ऑफिसच्या कामाचं विचारलं की पूर्वी बघायचे तसं, लक्ष देऊन.

"ठणठणीत आहेत," लॉरेन म्हणाली. "पंच्याऐंशी वर्षांचे आहेत, इतकंच."

पिलिंगने उसासा टाकला आणि खिशातून फोन काढला. नंबर लावला. पलीकडे घंटी वाजताना त्या लहानशा खोलीत तिघांनाही ऐकू येत होती. एकदा, दोनदा, तीनदा. कोणीतरी फोन उचलला आणि पिलिंगने चर्चचं नाव सांगायला सुरुवात केली.

"थांबा," लॉरेन म्हणाली.

त्याने फोन कानापासून दूर धरला.

"माझ्या वडिलांची बुद्धी गेलीय," ती म्हणाली. "अडीच वर्षं झाली. डॉक्टरांकडे सगळं लिहिलेलं आहे. मीच कुठे सांगितलं नाही."

एवढं बोलायला तिला जितका वेळ लागला तितका वेळ ती कपांवरच्या गुलाबांकडे बघत होती. बापाच्या तोंडाकडे बघायची तिची छाती झाली नाही. शरमेने तिचे कान जळत होते. चार वर्षांची असताना ज्या माणसाने तिला स्वतःची सही करायला शिकवलं, त्याच्याबद्दल तिने परक्या माणसापुढे आणि एका कॅमेऱ्यापुढे हे सांगितलं होतं.

साहेबांनी बिस्किट बशीत ठेवलं.

"मग फॉर्म लागेल," ते म्हणाले. "तोंडी चालत नाही. मिस्टर पिलिंग, तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो."

ते उठून बैठकीच्या खोलीत गेले. मेजाचं झाकण उघडल्याचा आवाज आला. परत आले ते सल्ला केंद्राचा फॉर्म घेऊनच. सोमवारी आला होता, लॉरेन कामावर असताना. त्यांनी फोडला होता, शिक्का मारला होता आणि योग्य कप्प्यात लावला होता. पेनाचं टोपण काढून ते टेबलाशी बसले. हात एरवी थरथरायचा, पण कागदावर टेकला की अजून स्थिर होई.

अर्जदाराचं नाव त्यांनी विचारलं, तिने सांगितलं, त्यांनी लिहिलं. पत्ता. आजाऱ्याशी नातं. मुलगी, ती म्हणाली. त्यांनी लिहिलं.

"ज्याच्याबद्दल अर्ज आहे त्याचं नाव?"

पिलिंग रिकाम्या कपात बघत होता.

"नाव सांग, पोरी. नावावाचून अर्ज पुढे जात नाही."

"क्लिफर्ड डक्सबरी."

त्यांनी ते लिहिलं, पहिल्या अक्षराला आयुष्यभर घालत आले तसा मोठा गोल वळसा घालून. लिहिलेलं वाचलं.

"या माणसाला ओळखतो मी," ते म्हणाले. "कधी हप्ता चुकवला नाही त्याने."

"माहितेय मला, डॅड."

"घरात मोजायची माणसं किती?"

तिने त्यांच्या बाहीवर हात ठेवला. सदऱ्याच्या आत दंड किती बारीक झाला होता ते तिला जाणवलं. दोन म्हणावं आणि मोटार जाऊ द्यावी, असं एकदा मनात आलं. पण मग बापाला कुठे ठेवणार?

"एक," ती म्हणाली.

"मोठ्याने सांग. लिहिणाऱ्याला ऐकू आलं पाहिजे."

"एक, डॅड."

त्यांनी रकान्यात एक लिहिला. खिशातून शिक्का काढला, निळी शाई, एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, आणि कागद सहीसाठी तिच्यापुढे सरकवला.

पिलिंगने यादीचं पान फाडून घडी करून खिशात घातलं. फॉर्म आणि डॉक्टरांची चिठ्ठी आठवड्याच्या आत पाठवा, तोवर कोणी येणार नाही, मी तसं लिहितो, एवढं तो म्हणाला. कॅमेरा बंद केला. साहेबांशी हस्तांदोलन केलं आणि चहाबद्दल आभार मानून परसातून निघून गेला.

लॉरेन पेन हातात घेऊन बसून राहिली. सही होत नव्हती. तेवढ्यात साहेब उठले. त्यांनी खुंटीवरचा कोट अंगात घातला, टोपी घेतली आणि जिन्याखालच्या अरुंद वाटेने पुढच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"कुठे निघालात?"

"काम झालं," ते म्हणाले. "दार उघडता का, बाई? उशीर झालाय. घरी वाट बघत असतील."

आयुष्यात कधी त्यांनी तिला बाई म्हटलं नव्हतं. हेच तुमचं घर आहे, असं तिने दोनदा सांगितलं. ते नम्रपणे हसले. लोकांच्या घरात आपण असे थांबत नाही, म्हणाले. त्यांचा हात कडीवर होता आणि ती निघत नव्हती म्हणून ते घाबरायला लागले होते.

तेव्हा लॉरेनने पुढचं दार उघडलं. शेवटची रात्र या घरात ठेवलेली आईची शवपेटी नेल्यानंतर ते पहिल्यांदाच उघडलं होतं, आणि फुगलेलं लाकूड दोन्ही हातांनी ओढावं लागलं. तिने बापाच्या दंडाला धरलं. दोघं गल्लीतून चालत टोकापर्यंत गेली, वळली आणि मागच्या बोळात शिरली. तिचा गुडघा ठणकत होता. नसरीन खिडकीतून बघत होती. बोळात कचऱ्याचे डबे होते, वाळत घातलेल्या चादरी होत्या. साहेब प्रत्येक घराचा नंबर वाचत चालले होते. तिच्या परसाच्या फाटकाशी आल्यावर ते आपण होऊन थांबले, फाटक लोटलं आणि उघड्या दारातून आत पाऊल टाकलं.

"मीच गं," ते आत तोंड करून म्हणाले.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं.

"या, डॅड," त्यांच्या मागून लॉरेन म्हणाली.

ते किटलीशी गेले आणि पाणी भरू लागले. तिने टेबलावरचं पेन उचललं आणि त्या आकड्याच्या खाली सही केली.